पंपाला आधी पाणी पाजावं लागतं

ती. अक्का,

गुडघ्यांनी परवानगी दिली असती तर साष्टांग नमस्कार घातला असता. तूर्त खुर्चीतूनच, पण कपाळ पार टेबलाला टेकवून केलेला गोड मानून घे. तुझा उजवा डोळा आता कसा आहे? पट्टी निघाली का? निघाली नसेल तर हे पत्र शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस, कारण यात घरातल्या गोष्टी आहेत. आधीच सांगतो, वाईट बातमी काही नाही. (माझं पत्र आलं की तू आधी भिंतीला टेकून बसतेस आणि मगच पाकीट फोडतेस, असं भाची सांगत होती. मी इतकाही काही अपशकुनी नाही.) फोन केला असता, पण फोनवर तू फक्त "कोण? कोण?" करतेस, मी "मी, मी" करतो, आणि त्यातच दोघांना धाप लागते. माझी तब्येत ठीक. छातीत अधूनमधून चमक निघते, पण बोट लावून शोधायला गेलो की ती जागा बदलते. डॉक्टर म्हणाले, आजोबा, ही चमक हृदयाची नाही, स्वभावाची आहे.

आपल्या घरी बाळ दत्तक यायचं आहे हे मागच्या पत्रात कळवलं होतं. मुलगी आहे, अगदी तान्ही. जे कळवलं नव्हतं ते आता कळवतो, कारण तेव्हा ते मलाच कुणी सांगितलं नव्हतं. तुझी भावजय असती तर तिनं माझ्या कानावर हळूहळू, औषध पाजल्यासारखं घातलं असतं. ती गेल्यापासून या घरात मला गोष्टी एकतर भिंतीतून कळतात, नाहीतर चूक झाल्यावर.

ही भिंतीतूनच कळली. दुपारी जेवण झालं की मी खिडकीपाशी खुर्चीत पडतो. पडदा हलत असतो, उन्हाचा एक चौकोन जमिनीवरून सरकत माझ्या पायांवर येतो, आणि तो गुडघ्यापर्यंत चढेस्तोवर माझा डोळा लागलेला असतो. त्या झोपेत मला नेहमी पाणी दिसतं. आयुष्यभर पंप दुरुस्त केले, दुसरं काय दिसणार? जमिनीच्या पोटात कुठेतरी काळंभोर, थंड, शांत पाणी साठलेलं असतं आणि ते वर यायचं की नाही याचा विचार करत असतं. तर अशा एका दुपारी त्या पाण्याजवळ मला आवाज ऐकू आला. घर्र... फुस्स. घर्र... फुस्स. अक्का, मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, हा कोरड्या पंपाचा आवाज. पंपानं हवा धरली की तो असाच रडतो. माझी पाचावर धारण बसली. गच्चीची टाकी रिकामी झाली असणार, खालची मोटर कोरडी चालली असणार, आता वायंडिंग जळणार! मी तसाच अनवाणी दोन जिने उतरलो आणि मोटरचा मेन स्विच खाडकन ओढला. चढून वर येतो तो काय, स्विच बंद आणि आवाज चालूच! मोटर बंद असून आवाज येतो म्हणजे तो माझ्या डोक्यात येतो. मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दोन्ही कान धुतले. (इकडे इमारतीत पाणी नाही. वरच्या मजल्यावरच्या गाणंवाल्या बाई डोक्याला साबण लावून बसल्या होत्या. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण मी समोर आलो की वरच्या पट्टीत खाकरतात.) धुतलेल्या कानांनी तर आवाज आणखी स्वच्छ ऐकू यायला लागला.

शेवटी चिरंजीवांनी मला बाल्कनीत नेलं. तो चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, पण अवघड काही सांगायचं झालं की आधी स्वतःचा चष्मा काढतो आणि पुसत बसतो, म्हणजे समोरच्याचं तोंड दिसत नाही. म्हणाला, "बाबा, तो आवाज तिच्या पंपाचा आहे." मी म्हटलं, सूनबाईला पंप कशाला, मला सांगायचं ना, मी बघितला असता. तो आणखी जोरात काच पुसायला लागला. म्हणाला, "दुधाचा पंप, बाबा. ती बाळाला अंगावर पाजणार आहे." यावर मी कुंडीतल्या रोपाची सुकलेली पानं तोडायला लागलो. सुकलेली संपली तेव्हा हिरवी तोडली. खूप वेळानं विचारलं, "पण बाळ तर..." तो म्हणाला, "हो." मग त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आधी गोळ्या दिल्या, आता दिवसातून बऱ्याच वेळा पंप लावायचा, म्हणजे शरीराला हळूहळू वाटतं की कुणीतरी मागतंय, आणि मग ते द्यायला लागतं. सगळ्यांचं येतं असं नाही, आलं तरी पुरतं असं नाही, पण येऊ शकतं. मी शाळेत चौथीच्या पुढे गेलो नाही, शरीराचं मला काय कळणार? पण हे मात्र मला लख्ख कळलं. पंपाचंही तसंच असतं, अक्का. कोरड्या पंपाला तू कितीही दामटव, तो पाणी उचलत नाही. त्याला आधी वरून थोडं पाणी पाजावं लागतं. पिऊन तो तृप्त झाला की मग खालचं, न दिसणारं पाणी वर आणून देतो. हे मी चिरंजीवांना समजावून सांगितलं आणि वर म्हणालो, "फक्त तिला सांग, कोरडा फार वेळ चालवू नको, वायंडिंग जळतं." तो चष्मा घालून आत निघून गेला.

सूनबाईविषयी तुला काय सांगू? ती दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवते हे तुला ठाऊक आहे. माझ्या तोंडात आहे तीही तिनंच बनवली. तिच्याविरुद्ध बोलायला तोंड उघडलं तरी ते तोंड तिच्या हातचंच, तेव्हा मी मुळात बोलतच नाही. या विषयावर तर आम्ही दोघंही बोललो नाही. मी फक्त तिच्या खोलीच्या दाराच्या बिजागरीला तेल घातलं आणि पंपाच्या वेळात घरात फिरताना खोकायला लागलो. (इतका खोकलो की तिनं मला खोकल्याचं औषध आणून दिलं. ते मी मुकाट्यानं संपवलं.) दुपारी तो आवाज सुरू झाला की मी खुर्चीत डोळे मिटायचो. आता त्याची भीती वाटत नव्हती. उलट तो आवाज माझ्या स्वप्नात यायचा आणि त्या काळ्या पाण्यापाशी जाऊन बसायचा. मीही बसायचो. पाणी अजून विचारच करत असे.

मग एका दुपारी दार उघडलं. (बिजागरी अजिबात वाजली नाही.) सूनबाई बाहेर आली, हातात काचेची एवढीशी बाटली. दाताचा रंग जुळतो की नाही बघायला ती दात उजेडासमोर धरते ना, तशीच ती बाटली तिनं माझ्या खिडकीच्या उजेडात धरली. मी चष्मा लावला. तळाशी एक थेंब होता. पिवळसर, जाडसर, बाटली तिरकी केली की हळूच सरकणारा. अशा वेळी सासऱ्यानं काय बोलावं हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "फूटव्हॉल्व्ह धरला बरं का!" (पाईपच्या बुडाशी ती झडप असते. तिनं पाणी धरून ठेवलं की समजायचं, आता पंप चालणार. आमच्या धंद्यात याहून मोठं कौतुक नाही.) ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली, इतकी हसली की जमिनीवरच बसली, बाटली मात्र हातात अगदी सरळ धरून.

यानंतर मी हात दाखवून अवलक्षण केलं ते ऐक. दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाई घर बघायला यायच्या होत्या. बाळाला कसं घर मिळणार, घरात माणसं कशी आहेत, हे सगळं त्या बघतात आणि मग ठरवतात. म्हणजे सगळं त्यांच्या हातात. मला झोप लागेना. काय काय धोके आहेत याचा विचार करता करता मला बाल्कनीचा कठडा आठवला. दोन गजांमधून बाळाचं डोकं गेलं तर? पण डोकं केवढं असतं? चिरंजीवांचं डोकं केवढं होतं ते आता आठवत नाही, आणि आत्ताचं उपयोगाचं नाही. मग मी स्वयंपाकघरातून एक लहानसा कोबी घेतला, हातावर तोलून बघितला, आणि ठरवलं, हा गेला तर बाळ जाईल. हा नाही गेला तर काळजी नाही. कोबी गजांपाशी नेला आणि जरासा, अगदी जरासाच, ढकलला.

गेला, अक्का. जरासुद्धा न अडता, आपण होऊन निघाल्यासारखा गेला. दुसऱ्या मजल्यावरून खाली, आणि थेट कुणाच्या पुढ्यात पडला असेल? त्या बाई फाटकातून आत येत होत्या, त्यांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर! त्यांनी वर बघितलं. मी खाली बघितलं. मग त्यांनी वाकून कोबी उचलला आणि जिना चढून वर आल्या. सूनबाई चहाचा ट्रे घेऊन उभी, चिरंजीव दारात. बाईंनी कोबी पुढे केला आणि अगदी शांतपणे विचारलं, "आजोबा, हे आपलं का?" आणि मी म्हणालो (माझ्या जिभेला त्या वेळी काय झालं होतं?), "हो बाई. बाळाचं डोकं."

खोलीत इतकं शांत झालं की चहावरची वाफ ऐकू आली असती. चिरंजीवांनी चष्मा काढला. बाईंनी तेवढ्यात आणखी काहीतरी विचारलं, मी घाईनं सावरायला गेलो आणि सगळंच सांगून बसलो. कठड्याचं, मोरीतला नळ एकदम कढत सोडतो त्याचं, कपाटाचा कोपरा नेमका रांगत्या पोराच्या कपाळाच्या उंचीवर आहे त्याचं, मी मोटर बंद केली होती त्याचं, छातीतल्या चमकेचं, मला कवळी आहे आणि ती रात्री पेल्यात ठेवतात, पोर भ्यायचं, त्याचंही. बाई ऐकत होत्या, मधेच काहीतरी टिपून घेत होत्या. त्या गेल्यावर चिरंजीव एवढंच म्हणाला, "बाबा, त्यांनी फक्त विचारलं होतं, तुम्हाला चहात साखर चालते का." मी त्याच संध्याकाळी कठड्याला जाळी ठोकली. पण बैल गेला आणि झोपा केला. तेव्हापासून संस्थेकडून काही कळलेलं नाही, आणि घरात कुणी कोबीचं नाव काढत नाही.

मधल्या काळात एक नर्सबाई येऊ लागल्या. पाजायचं कसं हे शिकवणं हाच त्यांचा धंदा, म्हणून घरात आम्ही त्यांना दूधताई म्हणतो. त्यांनी एक युक्ती दाखवली. बाटलीत वरचं दूध घालायचं, बाटलीतून दोऱ्याएवढी बारीक नळी काढायची आणि तिचं टोक आईच्या अंगाशी चिकटवायचं. बाळ आईला चोखतं, दूध नळीतून मिळतं, आणि तेवढ्यात आईच्या शरीराला मागणी पोचते. ऐकून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हेच तर पंपाला आधी पाजणं! मी लगेच कामाला लागलो. लाकडी स्टँड केला, वर कप्पी बसवली, दोरीला बाटली, खाली टेबलावर बाळाच्या जागी रबरी शेकायची पिशवी. बाटली वरपर्यंत ओढली आणि नळी सोडली, तर पाणी पिशवीवरून उसळून दूधताईंच्या तोंडावर. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आजोबा, एवढ्या उंचावरून कशाला? बाळाला पाजायचंय की तिसऱ्या मजल्याची टाकी भरायचीय?" बाटली बाळाच्या पातळीला हवी म्हणे. बाळानं ओढलं तरच यावं, आपण होऊन अंगावर धावून जाऊ नये. अक्का, ही गोष्ट मी इतकी वर्षं शिकलो नाही बघ, पंपाच्या बाबतीतही आणि माणसांच्या बाबतीतही. दोरी आखूड केली.

हे सगळं मी हसत हसत लिहितोय, पण आता जे लिहायचं आहे त्यापाशी पेन अडतंय. गेले काही दिवस दुपारी आवाज येत नाही. थेंब वाढलेच नाहीत. आज बुडाला ओलं, उद्या तेवढंच, परवा त्याहून कमी, आणि संस्थेकडून काही कळेना. मग एकदा भिंतीतून सूनबाईचा आवाज आला. चिरंजीवांना म्हणत होती, "माझ्या शरीराला माहितीय रे. दुसरीच्या बाळासाठी ते कशाला दूध देईल?" तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. बहुतेक चष्मा पुसत असावा. दुसऱ्या दिवशी पंप धुऊन, पुसून, खोक्यात घालून कपाटावर ठेवलेला दिसला. मी दारापर्यंत गेलो, पण तिनं बनवलेलं तोंड तिच्यासाठी काही उघडेना. दुपारी डोळे मिटले तर काळं पाणी होतं तिथेच होतं, पण त्याच्याजवळ कुणी बसलेलं नव्हतं.

असो. तू काळजी करू नकोस, ती मी करतोच आहे. भाचीला आशीर्वाद. डोळ्यात थेंब वेळच्या वेळी घालत जा आणि घातल्यावर लगेच उठू नकोस. बाकी इकडे सगळं जिथल्या तिथे आहे, फक्त मी नाही.

तुझा धाकटा,
ससा

(हे नाव तूच ठेवलंस, पानं वाजली की पळायचो म्हणून. तेव्हा आता निस्तर.)

ता. क. : एक विचारायचं राहिलं, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. आई गेली तेव्हा मी तान्हा होतो आणि काकूनं मला घेतलं. "हा काकूच्या अंगावर वाढला" असं सगळे म्हणायचे. पण काकूला तर मूलबाळ नव्हतं! मग ते नुसतं बोलणं होतं की खरंच तिला दूध आलं होतं? मला विचारायचं कधी सुचलं नाही. आपल्याला पाजलं एवढंच पुरेसं वाटत होतं, कुठून आलं हे कोण बघतो? तू तेव्हा परकर सावरत फिरण्याइतकी मोठी होतीस, तुला आठवत असेल. काय ते खरं कळव, आणि होता होईल तो सूनबाईच्या नावानं कळव.

ता. क. दुसरा : पाकीट आणायला निघालो आणि दारातूनच मागे फिरलो. तुझं उत्तर यायला वेळ लागणार, आणि ती तर त्या खोक्याकडे बघत बसलेली. मी तिला काकूचं सांगून टाकलं. नुसतं सांगितलं नाही, अक्कानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय असं सांगितलं. तू चुलीपाशी बसली होतीस, काकूनं मला घेतलं होतं, आणि माझ्या तोंडाच्या कडेनं ओघळून दूध काकूच्या कोपरावर आलं होतं. हे कोपर मला कुठून सुचलं, देव जाणे. बोलता बोलता मला ते दिसायलाच लागलं, आणि आता तर मला वाटतं की मी ते खरंच पाहिलं होतं, फार खालून. दुपारी भिंतीतून आवाज आला. घर्र... फुस्स. तेव्हा अक्का, तू ते पाहिलेलं असशील तर उत्तमच. नसशील तर आता पाहा.

ता. क. तिसरा : पत्र खिशातच राहिलं आणि तेवढ्यात जग बदललं. संस्थेच्या बाईंचा फोन आला. बाळ घेऊन जा म्हणाल्या! वर चिरंजीवांना म्हणाल्या, "आणि आजोबांना सांगा, जाळी बारीक लावा." (लावलीच होती. आता तिच्यावर आणखी एक लावली. बाल्कनीत उजेड कमी येतो.) तर ती आली आहे. एवढीशी आहे. तिचं डोकं कोबीपेक्षा लहान आहे. मी मोजलं नाही, नुसतं बघितलं. आज दुपारी खोलीत पडदा लावला. पडद्यापलीकडे सूनबाई, बाळ आणि दूधताई. पडद्याअलीकडे स्टुलावर मी, माझा स्टँड, दोरी आणि दूध भरलेली बाटली. मधल्या फटीतून गेलेली ती दोऱ्याएवढी नळी. पलीकडून दूधताई सांगायच्या, "आजोबा, खाली. अजून थोडी. आता धरा." मी धरून बसलो. उन्हाचा चौकोन पायांवर चढत होता. पलीकडून आवाज यायला लागला. गुट्... गुट्... जरा थांबून गुट्. इतके पंप ऐकले, असा गोड चाललेला ऐकला नव्हता. मी डोळे मिटले आणि काळं पाणी हललं. मग डोळे उघडले तर बाटलीतलं दूध होतं तेवढंच! तसूभरही उतरलेलं नाही. मी घाबरून ओरडलो, "ताई, बाटली हलत नाही!" दूधताईंनी पडद्याखाली हात घातला, नळी चाचपत माझ्यापर्यंत आल्या, आणि म्हणाल्या, "हलेल कशी? पाय उचला." नळी माझ्या चपलेखाली होती. मी पाय उचलायचंच विसरलो. कारण पलीकडे अजून गुट्, गुट् चालू होतं. अक्का, मेन स्विच बंद आणि आवाज चालूच! दूधताई नंतर म्हणाल्या, एवढ्यानं पोट भरणार नाही, नळी लागणारच, उगाच हुरळून जाऊ नका. कुणी हुरळलं नाही. चिरंजीव चष्मा पुसत होता, मी पाय उचलून बसलो होतो, आणि सूनबाई पलीकडून एवढंच म्हणाली, "बाबा, फूटव्हॉल्व्ह धरला."

तेव्हा काकूचं खरं काय होतं ते आता नाही कळवलंस तरी चालेल. पण डोळा बरा झाला की इकडे ये. सूनबाईनं तुझ्यासाठी खिडकीजवळची जागा ठेवली आहे आणि काकूची गोष्ट तिला तुझ्या तोंडून ऐकायची आहे.

ता. क. शेवटचा : मी डावं कोपर सांगितलं आहे.